कान्हेरीची सहल
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



सातवाहनांची राजधानी पैठण, हे वाक्य मुले पाठ करतात; पैठण दूर पडते, म्हणून ते पाठच राहते. परंतु त्याच साम्राज्याची खूण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या डोंगरावर आहे. सहलीची वर्गणी कित्येक पालकांना जड जाते, तेव्हा तो दिवस वाया जाऊ न देणे हे आपले काम होय.

येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. सारी दाखविण्याचा हव्यास धरू नये. पळत पाहिलेली लेणी मुलांच्या पायांनाच तेवढी आठवतात.

प्रथम तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह पाहावे. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, ते व्यापारी बंधूंनी कोरविले. राजाने नव्हे, हे मुलांना आवर्जून सांगावे. कान्हेरीच्या लेखांतून सोपारा आणि कल्याण येथील दाते भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहे, भिक्षुणीही आहेत. ही गावे मुलांना लोकलगाडीच्या पाटीवरून ठाऊक असतात! लेखांतील ‘लेण’ हा शब्दही आपलाच. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके, हा शब्द मात्र आपण हरवून बसलो.

खरा पाठ या टाक्यांपाशीच आहे. पावसाळ्यानंतर एवढ्या भिक्षूंनी डोंगरावर पाणी कोठून आणले, असे आधी विचारावे आणि उत्तर सांगू नये. कातळात कोरलेले पन्हळ मुलांनीच शोधावेत. पावसाचे पाणी त्यांतून लेण्यालगतच्या टाक्यात उतरते, हे एकाला दिसले की साऱ्यांना दिसू लागते. मग गणित घालावे: टाके 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद व 2 मीटर खोल धरले, तर त्यात 12,000 लिटर पाणी मावेल. माणशी रोज 10 लिटर धरल्यास दहा जणांना ते किती दिवस पुरेल? उन्हाळ्यात ज्यांच्या घरी हंड्यांची रांग लागते, ती मुले हे उदाहरण सर्वांआधी सोडवतात. काठाशी मात्र शिक्षकाने स्वतः उभे राहावे.

भिंतींवर नावे कोरणारे महाभाग तेथेही होऊन गेले आहेत. मुलांचे खडू व खिळे आधीच काढून घ्यावेत.

सोमवारी लेणी बंद असतात. उद्यानाच्या दारापासून वर जाण्यास बस मिळते. शिदोरी व पाणी बरोबर असावे, आणि माकडांपासून डबे जपावेत.