चारात एक

आजचा भाग छोटा आहे आणि कोडिंगबद्दल नाही. म्हणजे, थोडासा आहे.

परवा चंद्रपूरहून मामेबहिणीचा फोन आला. दहावी झालीये तिची. म्हणाली, "दादा, अकरावीला बायोलॉजी ठेवू का बायफोकल घेऊ?" मी स्वतः बायफोकलवाला. 200 मार्कांचं कॉम्प्युटर सायन्स घेतलं, त्यात बायोलॉजी पण गेली आणि मराठी पण. (हा पॉडकास्ट म्हणजे त्याचंच प्रायश्चित्त समजा.) क्लासचे सर म्हणायचे, इंजिनिअरिंगला जायचंय ना, मग बेडकाची आतडी पाठ करून काय करणार? पटलं मला.

पण त्याआधीची एक गोष्ट आहे. नववीत असताना शाळेत सिकलसेल तपासणीचं शिबिर आलं होतं. बोटाला टोचून रक्त घेतलं, काही जणांना परत बोलावलं, त्यात मी. पुढे एक कार्ड मिळालं, त्यावर 'वाहक' असं लिहिलेलं. आईनं ते रेशनकार्डाच्या फाइलीत ठेवलं. मला त्रास काहीच नव्हता, त्यामुळे विषय संपला.

तो परत निघाला दोन वर्षांपूर्वी. मामेभावाच्या बाळाचे हातपाय सुजायचे, रात्रभर रडायचं. नागपूरला तपासणी झाली, रिपोर्ट आला 'एसएस'. म्हणजे आजार, नुसता वाहक नाही.

त्या रात्री मी वाचत बसलो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जीन. त्यात जिथे जीएजी हवं तिथे जीटीजी. एक अक्षर! आमच्याकडे अशी चूक झाली तर बऱ्याचदा कोड कंपाइलच होत नाही. इथे सगळं बिनबोभाट चालतं. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन बसतं, प्रथिन तयार होतं, ऑक्सिजन वाहूनही नेतं. पण ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून त्या वेदना. साधी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, ही 10 ते 20. माझ्याकडे या जीनची एक प्रत बरोबर आहे, एक चुकीची, म्हणून मी मजेत.

आईवडील दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं, "चारात एक." वहिनीला तेव्हा परत दिवस गेले होते, आणि मामी म्हणाली, "एक झालं ना, आता पुढची तिन्ही चांगली निघतील."

मी गणितवाला. नाण्याला आधीचं काही आठवत नसतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण आपल्या घरात नाणं उडतंय हेच मला माहीत नव्हतं. गंमत म्हणजे माझा एक मित्र पीसीबीवाला, तो चार चौकटींचा तक्ता त्याला अजून पाठ आहे. त्याला विचारलं तर तोही म्हणाला, चार मुलांत एक. त्यानं गणित सोडलं होतं ना!

मग मी गावी गेलो. स्वयंपाकघरात बसून दोन नाण्यांच्या एकेका बाजूला हळद लावली. एक नाणं दादाचं, एक वहिनीचं. दोन्ही हळदीवर पडली की आजार. मामीला म्हटलं, टाक. सातव्या-आठव्या वेळी दोन्ही पिवळी पडली. लगेच पुढच्या वेळी परत दोन्ही पिवळी. मामी गप्प झाली. वहिनीनं विचारलं, "म्हणजे या वेळी पण तेवढंच?"

"हो वहिनी, तेवढंच."

वारेच्या पेशी घेऊन गर्भाची तपासणी करता येते, साधारण दहाव्या आठवड्यानंतर. वेळ होता. ते दोघं नागपूरला जाऊन आले. निकाल त्यांचा आहे, तो मी इथे सांगणार नाही.

तर बहिणीला मी म्हटलं, गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेव. लोड येईल, खोटं कशाला बोलू, प्रॅक्टिकलच्या वह्याच चार होतील. पण सोडू नको. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, आमच्या शाळेत शिबिर आलं तेव्हा मी तापानं घरी होते. माझं कार्डच नाही."

सोमवारी ती सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला जातेय. ॲडमिशनचा फॉर्म मंगळवारी.