परतीचे खाते

बेंगळूर शहराच्या दक्षिणेस, तमिळनाडूच्या सीमेलगत, आनेकल तालुका आहे. सतराव्या शतकात बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. त्यामुळे या मुलखाशी मराठी माणसाचा परिचय जुनाच. अमेरिकेत नोकरी करून तेथील नागरिक झालेला एखादा मराठी गृहस्थ निवृत्तीनंतर आनेकलला घर घेतो, असे समजू या. घराची किल्ली हाती येते. पण पेन्शन कोणत्या खात्यात जमा करावी, हा प्रश्न उभा राहतो.

परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच, 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार, भारताचे नागरिकत्व संपते. पुढे ओसीआय कार्ड मिळाले, तरी त्याने नागरिकत्व परत येत नाही. म्हणून हा गृहस्थ बँकेत स्वतःला परदेशी म्हणूनच सांगतो, आणि घोटाळा होतो तो येथेच. 1999 चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे ‘फेमा’, माणूस निवासी की अनिवासी हे ठरविताना त्याचे पारपत्र पाहत नाही, वास्तव्य पाहतो.

हिवाळ्यात दोन-तीन महिने येऊन परत जाणारा मनुष्य अनिवासी होय. येथील भाडे किंवा व्याज जमा करण्यास त्याला एनआरओ खाते आहे. परदेशातील पैसा आणण्यास एनआरई खाते आहे. कायम राहण्याच्या इराद्याने जो आला, त्याची गोष्ट निराळी. त्याने बँकेला आपली बदललेली स्थिती कळवावी, आणि एनआरई खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे, अथवा त्यातील रक्कम आरएफसी खात्यात वळवावी. परदेशातील नोकरीची पेन्शन या आरएफसी खात्यात परकीय चलनातच ठेवता येते. पुढे उपचारासाठी किंवा मुलांकडे राहण्यासाठी परदेशी जाणे झाले, तर तो पैसा तिकडे वापरण्यास आडकाठी नसते.

बँकेत जाताना पारपत्र, ओसीआय कार्ड, पॅन आणि छायाचित्रे जवळ असावीत. खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. परदेशी नागरिकाच्या पारपत्रावर पत्ता नसेल, तर त्याच्या देशाच्या सरकारी खात्याचा दाखला आणि येथील वकिलातीचे पत्र पत्त्यासाठी चालते. मागील बारा महिन्यांत 182 दिवस येथे वास्तव्य झाले, की ओसीआय कार्डधारकास आधारही काढता येते.

श्रोतेहो, खाते शक्य तर पतिपत्नींच्या जोडनावाने उघडावे आणि नामनिर्देशन त्याच दिवशी करावे. परक्या भाषेच्या गावी एकजण मागे राहिला, तर घरखर्चाचे पैसे तरी अडता कामा नयेत. आणि ‘आता आपण राहणार कोठे?’ याचे उत्तर अर्जाच्या रकान्यात लिहिण्याआधी दोघांनी घरी बसून ठरवावे. खाते कोणते, हे त्या उत्तरावरच ठरते.