लहान शहरांची वाट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत आणि नाट्य यांना अग्रपूजेचा मान मिळावा, हे यथायोग्यच आहे. त्यांच्या पंक्तीला रस्ता, बस आणि पदपथ असा रुक्ष विषय आणून बसवण्याचे कारण एवढेच की, या विषयावाचून आपला एकही दिवस जात नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला किती श्रोते येणार, हे वक्त्याच्या कीर्तीपेक्षा त्या सायंकाळच्या रहदारीवर अधिक अवलंबून असते, ही गोष्ट आपल्या कार्यवाहांना चांगली ठाऊक आहे.

तथापि आज आम्हांस केवळ बंगळूरचे गाऱ्हाणे मांडायचे नाही. या सभागृहात बसलेल्या पुष्कळांची मुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, हुबळी, धारवाड, कोल्हापूर अशा ठिकाणी रुजलेली आहेत. तेथे वृद्ध आईवडील आहेत, वाडवडिलांची घरे आहेत, निवृत्तीनंतर परत जाण्याचे मनसुबे आहेत. ही गावे आता पूर्वीची राहिलेली नाहीत. ती झपाट्याने पसरत आहेत. बंगळूर ज्या वाटेने गेले त्याच वाटेने त्यांनीही जावे काय, हा आजचा प्रश्न आहे. आमचे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. मोठ्या शहराजवळ पैसा असतो, पण त्याची वेळ टळून गेलेली असते. लहान शहराजवळ पैसा थोडा, पण वेळ शिल्लक असतो. रस्त्यावर पहिला हक्क कोणाचा, हे वेळ असतानाच ठरवले तर ते अल्प खर्चात साधते. पुढे तेच काम शतपट खर्चूनही अर्धेच होते.

प्रथम बंगळूरकडे पाहू. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेली पेठ पायी चालणाऱ्यांची होती. दोड्डपेटे आणि चिक्कपेटे या दोन रस्त्यांच्या चौकाभोवती ती वाढली. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळातही हीच पेठ नगराचे हृदय होती. पुढे १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी आली, आणि एकाच्या जागी दोन शहरे वाढू लागली; १९४९ मध्ये दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली. छावणीपर्यंत आगगाडी तर १८६४ मध्येच पोहोचली होती. म्हणजे शहराच्या वाढीला वळण लावील असा लोहमार्ग हाताशी होता. परंतु उपनगरी रेल्वेची कोनशिला बसण्यास २०२२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात १९५१ ची सुमारे ८ लाख वस्ती १९८१ मध्ये २९ लाखांवर आणि २०११ मध्ये ८५ लाखांच्या घरात गेली. नोंदलेली वाहने आज एक कोटीहून अधिक आहेत.

या वाढीवर योजलेले उपाय मागाहून आले. हेब्बाळचा उड्डाणपूल २००३ मध्ये खुला झाला. २०२५ मध्ये त्याला नवी भुजा जोडावी लागली. मेट्रोची पायाभरणी २००६ मध्ये झाली, पहिली गाडी ऑक्टोबर २०११ मध्ये धावली, आणि सुमारे ४२ किलोमीटरचा पहिला टप्पा पुरा होण्यास जून २०१७ उजाडला. मेट्रोचे उपकार आम्ही नाकारीत नाही. तिच्यावाचून आज शहराचे पान हलणार नाही. परंतु बाह्य वर्तुळ मार्गावर कचेऱ्या आधी आल्या, माणसे आधी आली, आणि मेट्रोचे खांब मागाहून आले. जेवणावळ उठत आली असता चुलीसाठी जागा शोधावी, तसा हा प्रकार होय.

आता लहान प्रदेशाचे उदाहरण घेऊ. ते आपल्याच राज्यात आणि आपल्या परिचयाच्या मुलखात आहे. हुबळी आणि धारवाड ही सुमारे २० किलोमीटर अंतरावरची दोन शहरे. पैकी धारवाड विद्येचे आणि गाण्याचे, हुबळी व्यापाराची आणि रेल्वेची. गेल्या शतकाच्या आधीपासून या जोडीला वाहतुकीनेच घडवले आहे. 'दक्षिण मराठा रेल्वे' या कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. त्याच वास्तूत पुढे कर्नाटक कॉलेज नांदू लागले. १९६२ मध्ये दोन्ही शहरांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची वस्ती साडेनऊ लाखांच्या आत होती.

या दोन शहरांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्यावर सुमारे २२ किलोमीटरचा जलद बसमार्ग आखण्यात आला. बससाठी रस्त्याच्या मध्यभागी स्वतंत्र मार्गिका, थांब्याचा चौथरा आणि बसची भुई एका पातळीत, आणि थांब्याजवळ एका बसला दुसरीच्या पुढे जाता यावे म्हणून जादा जागा, अशी ही रचना आहे. केंद्र व राज्य शासनांच्या जोडीला जागतिक बँकेचे साहाय्य होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बस प्रायोगिक स्वरूपात धावू लागल्या, आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी रीतसर उद्घाटन झाले. या बसगाड्यांना 'चिगरी', म्हणजे हरीण, असे सुरेख कानडी नाव मिळाले.

स्वतंत्र मार्गिका कशासाठी, असा प्रश्न मोटारीतून जाणारा गृहस्थ नेहमी विचारतो. 'बसची मार्गिका रिकामी पडली आहे आणि आम्ही कोंडीत अडकलो आहोत,' ही त्याची तक्रार. तिचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. २२ किलोमीटरच्या मार्गावर बस ताशी २५ किलोमीटर वेगाने गेली तर एक खेप सुमारे ५३ मिनिटांची होते. जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांचा थोडा विसावा धरून दोन तास. दर पाच मिनिटांनी बस द्यायची तर २४ बसगाड्या लागतात. तीच बस कोंडीत अडकून ताशी १५ किलोमीटरवर आली, तर फेरी तीन तास दहा मिनिटांची होते, आणि तितकीच सेवा देण्यास ३८ बसगाड्या लागतात. चौदा बस, त्यांचे चालक-वाहक आणि इंधन हा सारा खर्च केवळ कोंडीच्या पोटात जातो. लहान महामंडळाला तो झेपत नाही. मग ते बस कमी करते. बस उशिरा येऊ लागली की प्रवासी हप्त्याने दुचाकी घेतो, दुचाक्यांनी कोंडी वाढते, आणि बस आणखी मंदावते. मार्गिका म्हणजे हे दुष्टचक्र तोडणारी पाचर आहे. रिकामी दिसणाऱ्या मार्गिकेतून साठ माणसांची एक बस जाते, तेव्हा मोटारीत दीड माणूस या हिशेबाने चाळीस मोटारींचे काम होते. त्या चाळीस मोटारी एकीला एक खेटून उभ्या केल्या तरी दीडशे मीटरांहून लांब रांग होईल.

हुबळी-धारवाडचे सारेच गोमटे आहे असे मात्र नाही. रस्ता रुंद करताना जुनी झाडे गेली. बसगाड्या जुन्या होत गेल्या, देखभाल मागे पडली, मार्गिका इतर वाहनांना खुली करावी अशी मागणी वारंवार होऊ लागली. पुण्याचा अनुभवही असाच बोलका आहे. 'सायकलींचे शहर' म्हणून ज्याची ख्याती, त्या पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये देशातील पहिला जलद बसमार्ग कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर सुरू झाला. पण मार्गिका अखंड राहिली नाही, आणि २०२३ मध्ये नगर रस्त्यावरील बसमार्गाचा भाग काढून टाकण्यात आला. दिल्लीत २००८ चा बसमार्ग २०१६ मध्ये उखडला गेला. उलट ब्राझीलमधील कुरितिबा या शहराने १९७४ मध्ये हा प्रयोग आरंभला, तेव्हा ते वस्तीने आजच्या हुबळी-धारवाडपेक्षा लहान होते. तेथील प्रयोग टिकला, कारण उंच इमारती कोणत्या रस्त्यांच्या कडेला होऊ द्यायच्या, हे नगररचनेत आधी ठरले होते. बसमार्ग आणि घरे यांची सोयरीक त्यांनी आधी जुळवली. आपल्याकडे बसमार्ग बांधला जातो, फीत कापली जाते, आणि मग त्याला पोरके सोडले जाते. बांधणे हा एक दिवसाचा सोहळा असतो. चालवणे हा नित्याचा संसार असतो.

येथे कोणी म्हणेल की, मग बेळगावातही असाच मार्ग करावा. आमचे मत तसे नाही. हुबळी-धारवाड हे काठीच्या दोन टोकांसारखे आहे. बेळगाव हे चाकाच्या आऱ्यांसारखे आहे. दक्षिणेला खानापूर रस्त्यावर उद्यमबाग आणि त्यापुढे तांत्रिक विद्यापीठ, पूर्वेला सांबऱ्याचा विमानतळ, उत्तरेला महामार्गावर भूतरामहट्टीचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, आणि हलग्याच्या बाजूला २०१२ मध्ये उघडलेले सुवर्ण विधानसौध. म्हणजे नवी केंद्रे चहूदिशांना विखुरली. मधोमध मात्र खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली यांसारखे जुने रस्ते आणि टिळकवाडीची रेल्वे फाटके आहेत. अशा नगराला एका भव्य मार्गापेक्षा, प्रत्येक आऱ्यावर ठरलेल्या वेळी हमखास येणारी साधी बस, मध्यवर्ती स्थानकात न शिरता एका उपनगरातून दुसऱ्यात नेणारी आडवी सेवा, आणि बाजारपेठेत पायी चालणाऱ्याला मोकळीक, ही त्रिसूत्री अधिक मानवेल. प्रत्येक शहराची प्रकृती निराळी असते. वैद्याने शेजारच्या रुग्णाचा काढा पाजू नये.

सर्वांत उपेक्षित राहतो तो पदपथ. प्रत्येक बसप्रवासी आधी आणि नंतर पादचारी असतो. थांब्यापर्यंत चालता येत नसेल तर उत्तम बसही व्यर्थ होय. आपण येथे बसून आईवडिलांना रोज दूरध्वनी करतो. पण दोनशे पावलांवरच्या देवळात अथवा वाचनालयात त्यांना जाता येते काय, हे क्वचितच विचारतो. दुभाजक ओलांडता येत नाही, पदपथावर रोहित्र किंवा दुचाक्या उभ्या, म्हणून सत्तरी ओलांडलेली व्यक्ती हळूहळू घरात बसू लागते. मैत्री तुटते, हिंडणे-फिरणे थांबते, आणि आपण त्याला वार्धक्य म्हणतो. ते पुष्कळदा वार्धक्य नसते. ती नगररचना असते. स्त्रियांचेही तेच. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये स्त्रियांचा प्रवास विनामूल्य झाला. त्याविषयी मतभेद असोत. परंतु तिकीट माफ झाले तरी थांब्यावर दिवा नसेल आणि सायंकाळी बस वेळेवर नसेल, तर त्या सवलतीचा निम्मा लाभ वायाच जाणार.

आता थोडे अप्रिय बोलतो. बंगळूरमध्ये मिळवलेला पैसा गावाकडच्या माळावर जातो. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर बिनशेती प्लॉट स्वस्त मिळतो. कुंपण पडते, घर मात्र वर्षानुवर्षे होत नाही. अशा विखुरलेल्या प्लॉटांमुळे वस्ती विरळ राहते, आणि विरळ वस्तीला बस परवडत नाही. म्हणून घर घेताना सागवानी दरवाजा पाहतो, तसा बसथांबाही पाहावा. तो चालत गाठता येईल इतका जवळ असेल, तर ते घर आपल्या म्हातारपणालाही उपयोगी पडेल.

शेवटचा मुद्दा कारभाराचा. रस्ता एका खात्याचा, बस दुसऱ्याची, सिग्नल तिसऱ्याचा आणि नगररचना चौथ्याची, अशी आपली रीत आहे. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या ये-जा करण्याला अग्रक्रम द्यावा असे सांगितले. बंगळूरसाठी एकत्रित भूवाहतूक प्राधिकरणाचा कायदा २०२२ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये धारवाडसाठी वेगळी महानगरपालिका करण्यास राज्य मंत्रिमंडळाने संमती दिली. नगरपालिका एक असो वा दोन. पण हुबळीच्या इस्पितळाकडे निघालेल्या धारवाडच्या रुग्णाला ती सीमा दिसत नाही. म्हणून लहान प्रदेशातही वाहतुकीचा निर्णय एका मेजावर व्हावा, आणि दरवर्षी देखभालीची रक्कम आधी बाजूला काढूनच नवे काम हाती घ्यावे.

हे सारे सरकारने करायचे, आपण काय करणार, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर याच नगराने दिले आहे. बसवेश्वर चौकापासून हेब्बाळपर्यंत योजलेल्या पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध ऑक्टोबर २०१६ मध्ये नागरिकांनी मानवी साखळी केली, आणि मार्च २०१७ मध्ये ती योजना मागे घेतली गेली. आपल्या गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती आणि सूचना मागवण्याची मुदत असते. ती बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसताना संपते. आपल्या मंडळात अभियंते आहेत, वास्तुरचनाकार आहेत, वकील आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्यांच्यापैकी चारजणांनी एकत्र बसून आपापल्या गावाचा आराखडा वाचावा, आणि तीन प्रश्न विचारावेत : पदपथ कोठे आहे, बस कोणत्या रस्त्याने जाणार, आणि पुढील दहा वर्षे ती चालवण्याचा खर्च कोण करणार? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तशी लेखी हरकत मुदतीत द्यावी.

बंगळूरने आपल्याला उपजीविका दिली, मान दिला. त्याच बंगळूरने एक महागडा धडाही दिला. तो आपल्या गावांपर्यंत वेळेत पोहोचवणे, हे आपले कर्तव्य आहे.