बाकावरची मंडळी आणि युरोपा-पार्क

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला आज इथे बोलायला उभं केलंय ते "युरोपा-पार्कला कसं जावं" या विषयावर. विषय ऐकून मागच्या रांगेतले दोघं-तिघं हसले, ते मी पाहिलं. त्यांचं बरोबर आहे. ए-५ हायवे धरायचा, रुस्टच्या पाटीला वळायचं, झालं! त्यासाठी भाषण कशाला? पण मी जायचं कसं ते सांगणार नाहीये. गेल्यावर आपल्याबरोबरच्या आजी-आजोबांचं काय करायचं, ते सांगणार आहे.

आपल्यापैकी बहुतेकांकडे उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतं. आई-बाबा येतात, सासू-सासरे येतात. व्हिसा नव्वद दिवसांचा. नव्वद दिवस ऐकायला खूप वाटतात, पण त्यातले शनिवार-रविवार मोजा. बारा-तेरा भरतात. त्यातला एक जेट-लॅगमध्ये जातो, एक सामान बांधण्यात जातो, दोन-तीन पावसात. उरलेल्यातला एक आपण युरोपा-पार्कसाठी काढतो, कारण मुलांनी वर्षभर हट्ट धरलेला असतो. म्हणजे तीन पिढ्यांनी मिळून घालवायचा हा एक मोठा दिवस. आणि त्या दिवशी होतं काय? मुलं रांगेत, आई-वडील मुलांबरोबर रांगेत, आणि आजी-आजोबा बाहेर बाकावर. मांडीवर चार जॅकेटं, पायाशी तीन पिशव्या, हातात कुणाचा तरी चष्मा.

अशाच एका आजींना परत आल्यावर मी विचारलं, "काय आजी, पार्क कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "छान होता. बाक फार छान होते."

त्यांनी तक्रार केली नाही. ती पिढी तक्रार करत नाही, तिथेच तर पंचाईत आहे. "तुम्ही जा रे, आम्ही बसतो इथे" हे वाक्य इतक्या प्रेमाने म्हटलं जातं की आपण ते खरंच मानतो.

आता थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा आपल्या विषयाशी संबंध आहे. हा पार्क उघडला १२ जुलै १९७५ ला. काढला फ्रान्झ माक आणि त्यांचे चिरंजीव रोलांड माक यांनी. फ्रायबुर्गजवळच्या वाल्डकिर्शचं हे घराणं १७८० पासून गाड्या बनवायच्या धंद्यात. पुढे ते जत्रेतल्या फिरत्या मंडळींसाठी गाड्या करू लागले, मग पाळणे आणि चक्रं. १९७२ मध्ये बाप-लेक अमेरिकेला जाऊन आले, तिथली पार्कं पाहिली, आणि आपण बनवलेली यंत्रं गिऱ्हाइकांना दाखवायला एक कायमची जागा हवी असं त्यांच्या मनात आलं. त्यातून हा पार्क उभा राहिला. म्हणजे मूळ काय? जत्रा! आणि जत्रा आपल्या आजी-आजोबांना कोणी शिकवायला नको. जत्रेत धाडसी पोरं मोठ्या पाळण्यात बसतात, पण बाकीचं गाव काही बाकावर बसून राहत नाही. कोणी देवदर्शन करतं, कोणी गोडीशेव घेतं, कोणी तमाशाच्या तंबूत शिरतं, कोणी नुसतंच हिंडतं. युरोपा-पार्कातही हे सगळं आहे. आपण सिल्व्हर स्टारच्या ७३ मीटर उंचीकडे माना वर करून बघत असतो, म्हणून ते दिसत नाही इतकंच.

तर काय काय आहे, ते क्रमाने बघू.

पहिलं म्हणजे किल्लावजा वाडा, श्लॉस बाल्थासार. हा नकली नाही हं! पार्क पन्नास वर्षांचा, पण वाडा १४४२ चा. ब्योक्लिन नावाच्या सरदार घराण्याचा. सगळा पार्क उभा राहिला तो या वाड्याच्या बागेतून. जुने, मोठे वृक्ष, सावली, एल्झ नदीचं पाणी. दुपारी दोन वाजता बाकी पार्क तापलेला आणि गजबजलेला असतो तेव्हा इथे यावं. बरोबर डबा असेल तर उत्तमच. स्वतःचं खाणं आत न्यायला मनाई नाही, त्यामुळे थालीपीठ आणि दशम्या बिनधास्त न्या. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर खाऊन घ्यायच्या असतात, त्यांना रेस्टॉरंटच्या रांगेत ताटकळावं लागत नाही, हा मोठा फायदा.

दुसरं म्हणजे दोन आगगाड्या. एक जमिनीवरून पार्काला वळसा घालते, दुसरी उंच खांबांवरून जाते. आपण या गाड्यांना "पाय दुखले की बसायचं वाहन" समजतो. मी म्हणतो, सकाळी आल्या आल्या आजी-आजोबांना घेऊन आधी एक पूर्ण फेरी मारा. पार्क सुमारे ९५ हेक्टर आहे. तो एकदा बसल्या बसल्या नजरेखालून गेला की त्यांना अंदाज येतो. मग "मला ते पवनचक्कीचं गाव बघायचंय" असं ते स्वतः सांगतात. कोणी तरी आपल्याला ओढत नेतंय आणि आपण स्वतः निवडतोय, यात फार फरक आहे, हो की नाही?

तिसरं, 'पिराटेन इन बाताविया', म्हणजे बाताव्हियाचे चाचे. बोटीत बसायचं आणि अंधारातून, दिव्यांतून, समुद्री चाच्यांच्या देखाव्यांतून जायचं. ही राइड १९८७ ची. २६ मे २०१८ च्या आगीत ती पूर्ण जळाली, आणि पुन्हा बांधून २०२० च्या जुलैमध्ये उघडली. आजोबांना बोटीत बसवण्याआधी एक गोष्ट सांगा. बाताव्हिया म्हणजे आजचं जकार्ता, डच ईस्ट इंडिया कंपनीचं आशियातलं मुख्य ठाणं. आणि त्याच कंपनीची १७ व्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार होती! तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. कोकणातले आजोबा असतील तर बोटीतून उतरल्यावर नातवाला वेंगुर्ल्याची वखार तेच सांगतील, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही.

चौथं, ग्रिम बंधूंच्या गोष्टींचं वन. आपण म्हणतो, ते छोट्यांचं आहे. अहो, आपल्या मुलांना शाळेत या गोष्टी जर्मनमधून कळतात, आणि आजीला त्या ठाऊक नसतात. इथे उलटं करायचं. नातीने आजीला गोष्ट सांगायची, तीही मराठीतून. नातीचं मराठी अडखळेल, आजी शब्द पुरवेल. रविवारच्या मराठी शाळेत जे तासभर होत नाही, ते इथे वीस मिनिटांत होतं, आणि कोणालाही तो अभ्यास वाटत नाही.

पाचवं, खेळ. मी राइड म्हणत नाहीये, रंगमंचावरचे प्रयोग म्हणतोय. बर्फावरचा कार्यक्रम, इंग्लंड विभागातलं ग्लोब थिएटर, इटलीतलं छोटं नाट्यगृह. तिकिटात हे सगळं येतं. वेळा सकाळीच बघून ठेवाव्यात आणि पंधरा-वीस मिनिटं आधी जाऊन बसावं. ज्यांनी आयुष्यभर बालगंधर्वला आणि शिवाजी मंदिरला नाटकं पाहिली, त्यांना भाषा कळली नाही तरी प्रकाशयोजना, पडदा, टाळ्या हे सगळं कळतं. शिवाय बसायला खुर्ची आणि डोक्यावर छप्पर!

सहावं, व्होलेटारियम. २०१७ ला उघडलेलं. खुर्चीत बसून पाय अधांतरी ठेवायचे, समोर प्रचंड पडदा, आणि युरोपावरून उडाल्याचा भास. इथे गर्दी असते, म्हणून याला मी 'शांत' म्हणणार नाही. पण रोलर कोस्टरला घाबरणाऱ्याला जर एकच मोठी राइड करायची असेल, तर ती ही. चक्कर येणाऱ्यांनी, हृदयाचा किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरच्या सूचना आधी वाचाव्यात. साडीचा पदर आणि ओढणी नीट खोचून घ्यावी, हे सगळ्याच राइडना लागू.

आणि हो, पार्कात बर्लिनच्या भिंतीचे खरे तुकडेही उभे केले आहेत. लोक त्यांच्याशेजारून आइस्क्रीम खात जातात. १९८९ मध्ये दूरदर्शनवर ती भिंत पडताना ज्यांनी पाहिली, त्यांना तिथे दोन मिनिटं थांबू द्या.

आता दिवस कोणता? २०२३ मध्ये या पार्कात सुमारे ६० लाख माणसं आली. शांतता तिथे आपोआप मिळत नाही, शोधावी लागते. रुस्ट हे फ्रान्सच्या हद्दीवर आणि स्वित्झर्लंडजवळ. म्हणून नुसती आपल्या राज्याची सुट्टी बघून चालत नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या पेंटेकॉस्टच्या सुट्ट्या, ३ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, हॅलोविनचा आठवडा, हे दिवस टाळावेत. सप्टेंबरच्या मध्यावर बाडेनच्या आणि फ्रान्सच्या दोन्हीकडच्या शाळा उघडलेल्या असतात. ज्यांची मुलं अजून शाळेत जात नाहीत, त्यांनी तेव्हाचा मंगळवार-बुधवार साधावा. तिकीट तारखेचं असतं, ते आधी घ्यावं. चार वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, आणि ज्येष्ठांना सवलत मिळते, वयाचा पुरावा जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते. ती घ्यायला लाजू नका, आणि आजोबांनाही लाजू देऊ नका. गाडी नसेल तर रिंग्सहाइम स्टेशनवर उतरून बस मिळते. प्रादेशिक गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे डॉइचलांड-टिकिट चालतं.

आता एक गोष्ट पार्काच्या बाहेरची. बहुतेक मंडळी पार्क संपला की थेट हायवेला लागतात. पण रुस्टला लागूनच ताउबरगीसन नावाचं राखीव जंगल आहे, सुमारे १,७०० हेक्टरचं. १८१७ पासून टुल्ला नावाच्या इंजिनिअरच्या आराखड्याप्रमाणे ऱ्हाइन नदी सरळ करण्यात आली, तेव्हा तिचे जुने नागमोडी फाटे ठिकठिकाणी तुटून मागे राहिले. ऱ्हाइनकाठचं पाण्यात उभं असलेलं रान इथे अजून शिल्लक आहे. स्थानिक नावाडी सपाट लाकडी होडीतून तिथे फिरवतात, मोटार नाही, हातातल्या काठीने होडी ढकलतात. आधी नोंदणी करावी लागते. त्या पाण्यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडच्या खाडीतली होडी आठवते.

आणि शेजारच्या काप्पेलहून ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समधल्या ऱ्हिनोला जाणारी फेरीबोट आहे. गाडीसकट नेते, पैसे घेत नाही! काही मिनिटांत जर्मनीतून फ्रान्समध्ये. पासपोर्ट मात्र बरोबर असू द्या. गावाला फोन करून "आज होडीने फ्रान्सला जाऊन आलो" असं सांगण्यातली मजा कोणत्याच रोलर कोस्टरला नाही.

शेवटी दिवसाची आखणी. दोन तुकड्या करा. एक उंच जाणारी, एक हिंडणारी. पण हिंडणाऱ्या तुकडीत आजी-आजोबा एकटे नकोत. दर दोन तासांनी मोठ्यांपैकी एकाने पाळी बदलायची. नातवंडांपैकी प्रत्येकाने एक तास आजी-आजोबांच्या तुकडीत घालवायचा, मग तो चौदा वर्षांचा आणि तोंड फुगवलेला का असेना. जॅकेटं आणि पिशव्या लॉकरमध्ये. हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. सामान सांभाळायला माणूस लागत नाही, दोन-चार युरो लागतात.

काही जण म्हणतील, एवढं करायचं तर मुलांच्या चार राइड कमी होतील. होतील. सिल्व्हर स्टार २००२ पासून उभी आहे, पुढच्या वर्षीही असेल. पुढच्या वर्षी आजोबांचे गुडघे कसे असतील, आजीला दहा तासांचं विमान झेपेल का, व्हिसा मिळेल का, हे आपल्यापैकी कोणी सांगू शकत नाही. आपण देश सोडला तेव्हाच त्यांच्याबरोबरचे दिवस मोजून मिळायला लागले. म्हणून त्यातला एकही दिवस बाकावर जाऊ नये, एवढीच विनंती.

सहलीला निघायच्या आदल्या रात्री त्यांना पार्काचा नकाशा हातात द्या आणि विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" पहिलं उत्तर येईल, "आम्हाला काय, तुम्ही न्याल तिथे." तिथे थांबू नका. पुन्हा विचारा.