कूट, तेल आणि डाव



शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला मराठी घरात सगळ्यात जपावं लागतं ते उपासाच्या दिवशी. आषाढी एकादशीला खिचडीत कूट, भगरीबरोबर दाण्याची आमटी, काकडीच्या कोशिंबिरीत कूट आणि वर चिक्की. एरवीही भरल्या वांग्यात दाणे असतातच. यजमानीण प्रेमानं आग्रह करते, "एवढ्याशानं काय होतंय?" एवढ्याशानंच होतं! काही मुलांना चिमूटभर कूटही जिवावर बेततं. दाणे भाजले म्हणून त्यांतलं प्रथिन निरुपद्रवी होत नाही. कोळंबीचंही तसंच, म्हणून कोळंबी बाजूला काढून नुसता रस्सा वाढणं ही पळवाट नव्हे.

तेव्हा दुसऱ्याकडे जेवताना तीन गोष्टी विचारा: कूट, तेल आणि डाव. शुद्धीकरण केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. घाण्याच्या तेलात ते राहू शकतं. आणि आमटीचा डाव भाजीत गेला, की वेगळा शिजवलेला पदार्थही वेगळा राहत नाही. लग्नाला जाणार असाल तर आचाऱ्याशी आदल्या दिवशी बोला. ऐन पंगतीत त्याला उसंत नसते. पाकीटबंद खाण्याचं काम थोडं सोपं आहे. शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लूटेनयुक्त धान्यं वगैरेंचा उल्लेख लेबलवर करणं आपल्याकडे बंधनकारक आहे. तिळाचं नाव मात्र त्या यादीत नाही, म्हणून तिळाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी सगळे घटक वाचावेत.

धास्तीनं बाळाला दाणे द्यायचेच नाहीत, असं पूर्वी डॉक्टरही सांगत. लंडनच्या गिडिअन लॅक यांना दिसलं, की तिथल्या ज्यू मुलांच्या तुलनेत इस्राएलमधल्या मुलांना ही अ‍ॅलर्जी फार कमी होते, आणि इस्राएलची मुलं तान्हेपणापासून शेंगदाण्याचे कुरकुरे खातात. मग त्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं घेऊन प्रयोग केला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. पाच वर्षांची होईतो दाणे टाळलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी होती, दाणे खाल्लेल्यांत ३.२ टक्के. पण जोखमीच्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. अख्खा दाणा तर कुठल्याच बाळाला नको, तो घशात अडकतो.

ज्यांना अ‍ॅलर्जी आहेच त्यांच्याविषयी मला कळकळीनं सांगायचंय. अंगावर गांधी उठल्या की आपण अ‍ॅलर्जीची गोळी देतो. खाज तिनं थांबते; सुजणारा घसा आणि उतरणारा रक्तदाब थांबत नाही. त्यावर औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन, आणि ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. परदेशात त्याचं तयार पेन मिळतं. आपल्याकडे ते मिळवणं अवघड, पण अँप्यूल स्वस्त आहे. वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि सुई द्यायला शिकून घ्या. श्वास लागला, आवाज बसला, भोवळ आली तर वाट पाहू नका. इंजेक्शन द्या, रुग्णाला आडवं करून पाय उंचावर ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका. लगेच १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी रुग्णालयात न्याच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो.

शाळेतही हे औषध कुलुपाच्या कपाटात नको. ते कुठे आहे हे वर्गशिक्षिकेला, शिपाईमामांना आणि डबा शेजारी उघडणाऱ्या मित्रालाही ठाऊक असू द्या.