ज्वरशामक गोळी आणि आपला विवेक
(सोमाटणे येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



भातलावणीचा हंगाम आला की आपल्या मावळात तापही बहुधा त्याच्या मागोमाग येतो. अशा वेळी डॉक्टरांच्या आधी जे औषध रुग्णापर्यंत पोहोचते, त्या पॅरासिटामॉलविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

हे द्रव्य एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. परंतु त्याची योग्यता उमगावयास १९४८ साल उजाडावे लागले. त्या काळी ॲसिटॅनिलाइड नावाचे औषध प्रचारात होते. ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड या अमेरिकन संशोधकांनी असे दाखविले की, त्याचा गुण शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलमुळे येतो. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावणारा दोष मात्र निराळ्याच घटकाचा आहे.

पुढे १९६६ मध्ये स्कॉटलंडमधील वैद्यांनी अतिमात्रेने यकृत निकामी झाल्याची नोंद केली. या औषधाचा अल्प अंश यकृतात विषारी रूप धारण करतो. ग्लुटाथायोन नामक द्रव्य ते विष निवारते. मात्रा फार झाली की तो साठा सरतो आणि यकृताचा नाश आरंभतो. यातील फसवी गोष्ट अशी की, पहिल्या दिवशी रुग्ण बहुधा धडधाकट दिसतो. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला. पण तो पहिल्या आठ तासांत मिळाल्यास सर्वांत गुणकारी ठरतो. म्हणून ‘उद्या पाहू’ म्हणणे घातक होय.

भगिनींनो, आता आपल्या घराकडे वळू. बालकाची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम. दोन मात्रांत किमान चार तासांचे अंतर असावे आणि दिवसात चारांहून अधिक मात्रा देऊ नयेत. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपात पाच मिलिलिटरला १२५. म्हणजे सिरपाच्या चमच्याने थेंब पाजल्यास चौपट औषध पोटात जाते! तेव्हा बाटलीवरील आकडा वाचल्यावाचून झाकण उघडू नये.

प्रौढांनी २४ तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. मद्यपी, कृश व यकृतविकारी यांनी वैद्याच्या सल्ल्याने त्याहूनही कमी घ्यावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत हेच औषध दडलेले असते, हेही ध्यानी असावे. डेंग्यूचा संशय असता ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचे भय वाढते. तेथे पॅरासिटामॉलच योग्य. तथापि ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. डेंग्यूत ताप उतरतानाच धोका वाढतो. पोटात तीव्र कळा, सतत उलट्या वा रक्तस्राव दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रत्येक कुटुंबाने औषधाच्या डब्यावर मुलांची वजने लिहून ठेवावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.