मागापाशी उभा असलेला माणूस



 काम आणि संघटना यांच्या मानसशास्त्राची परिषद इचलकरंजीत, यंत्रमागाच्या गावात, भरवायची ठरली, तेव्हा स्वागताध्यक्षही मागवालाच हवा असा हट्ट कुणीतरी धरला. माझं शिक्षण बी. कॉम.पर्यंतचं. तुमच्या विषयाशी नातं म्हणाल, तर छत्तीस वर्षं रोज पन्नासएक माणसांशी हुज्जत घातली, एवढंच.

स्वागताध्यक्षानं गावाचा मोठेपणा सांगायचा असतो, तो थोडक्यात उरकतो. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे पं. बाळकृष्णबुवा या गावाचं नाव लावत. १९७४ साली इथं साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष पु. ल. देशपांडे होते. आणि १९०४ साली जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळावर विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून या गावाला मागाच्या ठोक्यावर झोप लागते आणि ठोका थांबला की जाग येते.

आता थोडं माझ्या अज्ञानाबद्दल. आमच्याकडे मजुरी मीटरवर, कापडातल्या आडव्या धाग्यांच्या, म्हणजे पिकांच्या, हिशोबानं. जास्त विणा, जास्त घ्या. माणसाचं मन समजायला याहून काही लागतं, असं मला बरीच वर्षं वाटलंच नाही. माझ्याकडे एक कामगार होता. हात असा की तुटलेला धागा त्यानं जोडला कधी ते दिसायचं नाही. पण रोजचे ठरावीक मीटर झाले की गडी सैल पडायचा. तंबाखू मळणार, शेजारच्या मागावर गप्पा मारणार. मी त्याला कामचुकार म्हणायचो. तोंडावर म्हणायचो, हे आज कबूल करतो.

पुढं इथल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी मला हॉथॉर्नच्या प्रयोगांवर वाचायला दिलं. शिकागोजवळच्या सिसरोतला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हा कारखाना. तिथं १९२४ पासून प्रयोग चालू झाले. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, ही गोष्ट तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगता. लक्ष दिलं की माणूस खुलतो, हे तिचं तात्पर्य. मालकांना ते फार आवडतं, कारण लक्ष द्यायला पैसे पडत नाहीत! पण रिले जोडणाऱ्या मुलींच्या ज्या खोलीचं एवढं कौतुक होतं, तिथल्या दोघींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून मध्येच बदललं होतं. हे मात्र भाषणांत कुणी सांगत नाही.

मला झोप लागू दिली नाही ती त्याच कारखान्यातल्या दुसऱ्या खोलीनं. १९३१-३२ मध्ये तिथं चौदा पुरुष टेलिफोन यंत्रणेच्या तारा जोडत होते. त्यांनी आपसात ठरवलं होतं की दिवसाचं योग्य काम म्हणजे एवढंच. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर बाकीचे गुद्दा मारायचे. कमी करणाऱ्यालाही बोलणी बसायची. जास्त काम दाखवलं तर साहेब दर उतरवतील, नाहीतर माणसं कमी करतील, ही धास्ती.

ते वाचून मी जुन्या वह्या काढल्या. माझ्या त्या कामगारानं एका दिवाळीआधी जीव तोडून कापड काढलं होतं. दिवाळीनंतर नवी क्वालिटी मागावर चढली आणि तिचा दर ठरवताना मीच म्हणालो होतो, ‘एवढे मीटर निघतात, मग दर एवढा कशाला?’ दर उतरला. त्यानंतर तो सैल पडायला लागला. त्याचं गणित बरोबर होतं. ज्याला मी आळस समजत होतो, तो माझ्याच निर्णयाला दिलेला जबाब होता, आणि तो जबाब वाचायला मला अकरा वर्षं लागली. तोवर तो सायझिंगमध्ये, सुताला खळ देण्याच्या कामावर, निघून गेला होता.

तुमच्या शास्त्राची एक फार मोठी गोष्ट कापडगिरणीतच घडली आहे, आणि तीही अहमदाबादला. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते. खात्यात २२४ माग आणि २९ कामगार, पण त्यांची कामं बारा प्रकारची. एकाकडे इतके माग, दुसऱ्याकडे तितके, जॉबर निराळा, तेलवाला निराळा, झाडूवाला निराळा. कोण कुणाबरोबर काम करतो, याचा पत्ता नाही. यंत्रं नवी, तरी कापड मनासारखं निघेना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथं आले. त्यांनी सुचवलं की ६४ मागांवर सात माणसांची एक टोळी असावी आणि काम तिनं आपसात वाटून घ्यावं. साहेब अजून विचारच करत होते, तेवढ्यात कामगारांनी कल्पना उचलली आणि कुणाच्या टोळीत कोण, हे त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. सुरुवातीला अडखळले. पुढं उत्पादन वाढलं, खराब माल कमी झाला.

त्याच काळात त्याच शहरात ‘अतिरा’ या वस्त्र संशोधन संस्थेत कमला चौधरी मानसशास्त्र विभाग सांभाळत होत्या. पुढं अहमदाबादच्या आयआयएमच्या पहिल्या प्राध्यापकांत त्या आल्या. गिरणीत जाऊन कामगारांचा अभ्यास करणाऱ्या बाई, त्याही सत्तर वर्षांपूर्वी! आमच्या कापडाच्या व्यवसायात किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

राइस यांचं काम मी वाचलं तेव्हा माझ्या शेडवर नवे शटललेस माग येऊन दोन वर्षं झाली होती आणि मी अगदी कॅलिकोसारखीच वाटणी करून ठेवली होती. माग बंद पडला की कामगार फिटरकडे बोट दाखवी, फिटर वायरमनकडे, वायरमन म्हणे सुताचाच दोष. तेवढा वेळ माग उभा आणि हप्ता चालू. मग आम्हीही टोळ्या केल्या. दोन टोळ्या जमल्या, एक मोडली, कारण तिच्यात मी माझा एक माणूस घुसवला होता.

कॅलिकोची गोष्ट मात्र १९५३ ला संपत नाही. सतरा वर्षांनी संशोधक एरिक मिलर तिथं पुन्हा पाहणीला गेले. एका खात्यात टोळीची पद्धत टिकून होती, दुसरीकडे कामकाज बरंचसं जुन्या वळणावर गेलं होतं. मला हा भाग सगळ्यात खरा वाटतो. आम्ही मालक लोक तुमच्याकडे औषधाची बाटली मागायला येतो. रोज निगा राखावी लागते, हे ऐकायची आमची तयारी नसते.

आणि काम गेलं की काय होतं? व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली गिरणी बंद पडली, तेव्हा संशोधक मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९३३ साली आलं. त्यांनी रस्त्यावर माणसांची चाल मोजली. बेकार पुरुष हळू चालत, मध्येच थांबत. वेळ भरपूर, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतल्या असंख्य घरांत पुढं काय झालं, ते या सभागृहातल्या काहींनी जवळून पाहिलं असेल. मी एवढंच सांगतो की मंदीत शेड बंद असताना आमचा एक म्हातारा कांडीवाला रोज डबा घेऊन फाटकापाशी येऊन बसायचा आणि दुपारी डबा खाऊन घरी जायचा.

आता यजमान म्हणून एक मागणं. तुमच्या प्रश्नावल्या मी पाहिल्या आहेत. ‘आपण आपल्या कामाबाबत कितपत समाधानी आहात’ असं विचारलं तर आमचा माणूस ‘बरं चाललंय’ म्हणेल. त्या ‘बरं’मध्ये उचल आहे, पाळी आहे, बहिरा होत चाललेला कान आहे, दिवाळीचा बोनस आहे. सीमेपलीकडून आलेला कन्नडमध्ये आणि बिहारमधून आलेला हिंदीत काय म्हणेल, तेही ऐकून घ्या. आणि तुमचे निबंध मराठीत लिहा, म्हणजे निदान माझ्यासारख्या मालकाच्या हाती ते अकरा वर्षं आधी पडतील.

उद्या सकाळी पाळी बदलायच्या वेळी गाड्या निवासस्थानाहून निघतील. सुरुवात माझ्या शेडपासून करा. आत मालक किंवा दिवाणजी दिसला तर कुणी मोकळं बोलणार नाही, म्हणून तेवढा वेळ मी दिवाणजींना घेऊन समोरच्या चहाच्या गाड्यावर थांबेन. तुमचं बोलणं झालं की तिकडं या, चहा माझ्याकडून.